मंतरलेला खिळा

"म्हणजे औषध बंद केलंस?" बाबांनी विचारलं.

वैजंता दचकली. तिने खाली पाहिलं, मग हळूच श्रीरंगकडे.

"श्रीरंग महाराजांनीच सांगितलं ना…"

मठाच्या ओसरीवरच्या सगळ्या माना श्रीरंगकडे वळल्या.

श्रीरंग बाबांचा पट्टशिष्य. विज्ञानाचा पदवीधर. बाबा कुणाला अंगारा देत नसत, की ताईत. लोक डोंगर चढून यायचे आणि हात हलवत परत जायचे, ते श्रीरंगला बघवेना. मूल झोपेत दचकलं की उशाखाली लोखंड ठेवायची रीत घरोघरी होतीच. त्याने तिला मंत्राची जोड दिली आणि खिळे द्यायला सुरुवात केली. हळूहळू येणारे आधी त्याच्या पाया पडू लागले, मग बाबांच्या. त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

वैजंताची जुई सात वर्षांची. स्वमग्न. बोलत नसे. दूध आणि दहीभात, याखेरीज काही तोंडात घेत नसे. आणि झोपत नसे. अंथरुणाला पाठ टेकली की पाय झाडायची, नडग्या भिंतीला घासायची, उठून बसायची.

आत्ताही ती पायरीच्या गार दगडाला नडगी घासत उभी होती.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"म्हणाले, रक्त वरवर बरं दिसतंय, पण अंगातला लोहाचा साठा संपत आलाय. त्यानेच पाय असे वळवळत असतील, झोप मोडत असेल. पातळ औषध दिलं. ते पाजायचं म्हणजे… बाबा, एकाने हात धरायचे, एकाने डोकं. दात काळे पडले तिचे. सासूबाई म्हणाल्या, पोरीला छळतेस. मग मी इथं आले."

"आणि इथं?"

वैजंताने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. श्रीरंगला बोलावंच लागलं.

"मी म्हटलं, लोहच कमी आहे ना? मग मंतरलेलं लोहच देतो, उशाखाली ठेवा. आणि मंत्र चालू असताना औषध नको, म्हणून…"

"हं." बाबांनी मान डोलावली. "मग? खिळ्याला तरी लागते का रे झोप नीट?"

ओसरीच्या टोकाला कुणीतरी फिसकन हसलं. श्रीरंगचे कान तापले.

"श्रद्धा कमी पडली असेल," तो म्हणाला. वैजंताकडे न बघता.

"माझी?" तिचा आवाज चिरकला. "अख्खा पावसाळा रोज उशी उचलून हात जोडतेय मी त्या खिळ्याला! आता ही बसल्या जागी पेंगते, आणि पेंग मोडली की स्वतःलाच चावते. बघा ना. बघा तरी!"

तिने जुईचं मनगट पुढे धरलं. दातांच्या खुणा. जुन्यांवर नव्या.

श्रीरंगने मान फिरवली.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. मठात दिवसाला एकच जेवण, आणि तेही पहाटे उठून खालच्या वस्तीतून मागून आणलेलं. बाबा स्वतः वाढत. ते श्रीरंगपाशी आले, त्याच्या ताटात भाकरी ठेवली… आणि परत उचलली. वाकून त्याच्या आसनाचा कोपरा वर केला, भाकरी खाली सारली, वरून आसन नीट केलं. दोन बोटं टेकवून काहीतरी पुटपुटले.

"जेव."

"बाबा… भाकरी?"

"दिली ना. तुझ्याच आसनाखाली आहे. मंत्रसुद्धा म्हटलाय."

"अहो, पण भूक अशी…"

त्याची नजर ओसरीकडे गेली.

बाबा पुढच्या ताटाकडे गेले होते.

पंगत उठली. श्रीरंग धडपडत ओसरीवर आला.

"वैजंताबाई, औषध परत सुरू करा. लगेच डॉक्टरांना गाठा. मध्ये बंद केलं होतं, तेही सांगा."

"मग झोपेल ती?"

त्याने वळून मागे आलेल्या बाबांकडे पाहिलं.

"मला माहीत नाही, पोरी," बाबा म्हणाले. "ते डॉक्टरांना विचार."

"ते म्हणाले होते, साठा भरायला महिने जातात. भरला तरी झोप येईलच, असं नाही म्हणे…" ती थांबली. "आणि हे एवढे महिने गेले, त्यांचं काय हो?"

बाबांनी श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंगने जमिनीकडे.

वैजंताने जुईला कडेवर घेतलं. एवढी थोरली मुलगी, पाय पार तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. आणि ते पाय हलत होते. वळणावर दोघी दिसेनाशा होईपर्यंत हलतच होते.

श्रीरंग तिथेच बसून राहिला. ऊन उतरलं. मग तो उठला आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

"चुकलं बाबा. क्षमा करा."

बाबांनी पाय मागे घेतले.

"माझी झोप कुठं मोडलीस तू?"

श्रीरंगने डोंगराच्या वाटेकडे पाहिलं.

"मग जुईच्या घरी जातो मी," श्रीरंग म्हणाला. "पण तिचं गाव डोंगरापलीकडे. पोचेपर्यंत मध्यरात्र होईल. अशा अवेळी…"

"जा," बाबा म्हणाले. "ती जागीच असेल."