बापूसाहेबांचा केसपेपर

रखमाबाई खोतांनी मरताना आपलं घर निवळी गावातल्या आजाऱ्यांसाठी ठेवलं. पण ते घर सांभाळणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष बापूसाहेब दळवी यांनी तिथल्या एकमेव खोलीत स्वतःची बैठक थाटली. बाळंतिणींना वीस किलोमीटरवर तालुक्याला जावं लागायचं.

एके दिवशी गावातल्या सुगंधाला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. कुंदा नर्सने धीर करून खोली मागितली, तसे बापूसाहेब चारचौघांत गरजले, "मी गावातलाच ना? मला बीपी आहे! म्हणजे खोली आजाऱ्याकडेच आहे!"

 कुंदाने लगेच त्यांच्या नावाचा केसपेपर काढला.

"मग खाटेवर आडवे व्हा, बापूसाहेब. तंबाखूची डबी इकडे द्या. आजपासून बिनमिठाची पेज. आणि पाहुणेमंडळी, तुम्ही बाहेर! पेशंटला भेटायची वेळ चार ते पाच, तीही एकेकानं."

मंडळी हसू दाबत उठली. स्वतःच्याच शब्दांत अडकलेले बापूसाहेब आडवे झाले, पण पेजेची वाटी पुढे येताच ताडकन उठून बसले. "अगं बाई, मी ठणठणीत आहे!"

"देवाची कृपा!" कुंदाने पेन पुढे केलं. "डिस्चार्जवर सही करा आणि खाट सोडा. ठणठणीत माणसासाठी रखमाबाईंनी काहीच ठेवलेलं नाही."