चुलकी गार झाली, मावशी कुठं गेली?

एक होती चुलकी.
चुलकी म्हणजे चिमुकली चूल. पत्र्याची. घडीची.
चार बाजूंना चार पत्रे. खाली चार पाय. तळाला भोकंच भोकं!
उघडली की चूल. मिटली की पुस्तकाएवढी. टप्प टप्प टप्प!

चुलकी होती वेणूमावशीची.
वेणूमावशीला डोंगर फार आवडायचे. पाठीवर सॅक. सॅकमध्ये चुलकी. दोघीच दोघी हिंडायच्या.
मावशी चार काटक्या वेचायची. चुलकीच्या पोटात घालायची. तडतड तडतड! झाला चहा.
डोळ्यांत धूर नाही. नाकात धूर नाही.
मावशी म्हणायची, "शहाणी ग माझी चुलकी! मुळी धूर करत नाही."

एकदा काय झालं, दोघी उंच उंच डोंगरावर गेल्या. रात्री तिथंच राहिल्या.
सकाळी मावशीनं चहा केला. फुर्र फुर्र प्यायला.
चुलकी झाली गरम गरम! गरम चुलकी सॅकमध्ये घालतात का?
छे! सॅकला भोक पडेल ना!
म्हणून मावशीनं तिला दगडावर ठेवलं. म्हणाली, "गार हो हं. मग घडी घालते."

मावशीनं भांडं भरलं. अंथरूण गुंडाळलं.
तेवढ्यात आलं धुकं. पांढरं पांढरं! दगड दिसेना. चुलकी दिसेना.
मावशीनं सॅक उचलली. आणि चालायला लागली.
चुलकी राहिली की दगडावर! आता या मावशीला काय म्हणायचं? वेंधळी कुठली!

चुलकी कोमट झाली. मग गार झाली.
"मावशी, मी गार झाले."
कुणी ओ देईना.
"मावशी, मी गारेगार झाले. घाल ना घडी!"
कुणीच नाही. नुसतं धुकं.
चुलकीला रडू आलं. पत्र्याला रडू येतं का? येतं हो. एकटं पडलं की सगळ्यांना येतं.

चुलकी म्हणाली, "मावशी डोंगर उतरली, गाडीत बसली, की मी कायमची इथंच. पाऊस येईल. मी गंजून जाईन. माझी हाक बारीक. मावशीला ऐकू जायची नाही. पण धूर उंच जातो. धूर मावशीला दिसेल! मी कधी धूर केला नाही. पण आज करीन."
आणि चुलकी दगडावरून उतरली. चार पायांवर निघाली.

खटक खुटुक, खटक खुटुक.
वाटेत करवंदीची जाळी. काटेरी, गोल गोल.
"जाळीबाई, जाळीबाई, मला काटक्या दे!"
"का ग?"
"काटकीवाचून धूर नाही,
धुरावाचून मावशी नाही,
मावशीवाचून मी एकटी!"
जाळी म्हणाली, "मी नाही बाई! शेळी माझी पानं खाते. कुरुम कुरुम. काटक्याही दिल्या तर मला राहील काय? शेळी मला सोडेल, तर मी देईन."

खटक खुटुक, खटक खुटुक.
जाळीमागं शेळी. गाल फुगलेले.
"शेळीबाई, शेळीबाई, जाळीला सोड!"
"का ग?"
"जाळी मला काटक्या देईना,
काटकीवाचून धूर नाही,
धुरावाचून मावशी नाही,
मावशीवाचून मी एकटी!"
शेळी म्हणाली, "मी नाही बाई! तोंड कसं अळणी अळणी झालंय. काहीतरी चघळायला नको? ठमाआजी मला मीठ देईल, तर मी सोडीन."

खटक खुटुक, खटक खुटुक.
एक झोपडी. झोपडीच्या दारात ठमाआजी. शेळी तिचीच. आजी बसली होती घोंगडी पांघरून.
"ठमाआजी, ठमाआजी, शेळीला मीठ दे!"
"का ग?"
"शेळी जाळीला सोडेना,
जाळी मला काटक्या देईना,
काटकीवाचून धूर नाही,
धुरावाचून मावशी नाही,
मावशीवाचून मी एकटी!"
आजी म्हणाली, "मी न्हाई बाई! मीठ हाय की फळीवर. पर उठू कशी? थंडीनं गुडघं धरल्यात माजं. सूर्य ऊब देईल, तर मी उठंन."

खटक खुटुक, खटक खुटुक.
चुलकी उंचवट्यावर चढली. वर बघितलं. वर एक पिवळा ठिपका. तोच सूर्य.
"सूर्यदादा, सूर्यदादा, आजीला ऊब दे!"
"का ग?"
"आजी शेळीला मीठ देईना,
शेळी जाळीला सोडेना,
जाळी मला काटक्या देईना,
काटकीवाचून धूर नाही,
धुरावाचून मावशी नाही,
मावशीवाचून मी एकटी!"
सूर्य म्हणाला, "मी नाही बाई! हे धुकं बसलंय ना मधे! खालचं काही दिसत नाही मला. आजी कुठंय, गुडघे कुठायत? धुकं वाट देईल, तर मी येईन."

खटक खुटुक, खटक खुटुक.
धुकं शोधायला कशाला जायचं? धुकं तर सगळीकडंच.
"धुकेराव, धुकेराव, सूर्याला वाट द्या!"
"का ग?"
"सूर्य आजीला ऊब देईना,
आजी शेळीला मीठ देईना,
शेळी जाळीला सोडेना,
जाळी मला काटक्या देईना,
काटकीवाचून धूर नाही,
धुरावाचून मावशी नाही,
मावशीवाचून मी एकटी!"
धुक्यानं जांभई दिली. आऽऽऽ! म्हणालं, "मी नाही बाई! मी आहे जाडा. आपलं आपण हलता येत नाही मला. वारा ढकलेल, तर मी जाईन."

खटक खुटुक, खटक खुटुक.
चुलकी पार कड्यापाशी गेली. कपारीत वारा बसला होता. अंग चोरून, गप्प गप्प.
"वारोबा, वारोबा, धुक्याला ढकला!"
"का ग?"
"धुकं सूर्याला वाट देईना,
सूर्य आजीला ऊब देईना,
आजी शेळीला मीठ देईना,
शेळी जाळीला सोडेना,
जाळी मला काटक्या देईना,
काटकीवाचून धूर नाही,
धुरावाचून मावशी नाही,
मावशीवाचून मी एकटी!"
वारा म्हणाला, "मी नाही बाई! मी कुठं गेलो, की लोक दारं लावतात. धाड! दिवा विझवला म्हणतात. कपडे उडवले म्हणतात. मला कुणीसुद्धा 'ये' म्हणत नाही. मी नाही जात कुठं."

झालं! आता कुणाकडं जायचं?
पुढं होता कडा. कड्यापुढं काहीच नाही.
चुलकी वाऱ्याशेजारी बसली. हळूच म्हणाली,
"वारा धुक्याला ढकलेना,
धुकं सूर्याला वाट देईना,
सूर्य आजीला ऊब देईना,
आजी शेळीला मीठ देईना,
शेळी जाळीला सोडेना,
जाळी मला काटक्या देईना,
काटकीवाचून धूर नाही,
धुरावाचून मावशी नाही,
मावशीवाचून मी एकटी!"
वारा म्हणाला, "मी पण."
चुलकी त्याच्याजवळ सरकली. 

मग चुलकीनं आपलं पोट दाखवलं. "वारोबा, ही भोकं बघितलीत?"
"इतकी भोकं? फाटलीस की काय?"
"नाही हो! ही तुमची दारं. तुम्ही आत शिरलात, तरच मी पेटते. तुम्ही नसलात, तर मी नुसता पत्रा. मला दार लावताच येत नाही. या ना आत!"
वारा बघतच राहिला. "मला 'ये' म्हणालीस?"
"हो! या!"
वारा आत शिरला. फूऽऽऽ! या भोकातून आत. त्या भोकातून बाहेर. फूऽऽऽ फूऽऽऽ! चुलकीला गुदगुल्या झाल्या.
वारा हसायला लागला. "कुठाय ते धुकं? बघतोच त्याच्याकडं!"

आणि मग काय!
वाऱ्यानं धुक्याला ढकललं. सूं सूं!
धुक्यानं सूर्याला वाट दिली. सर्रर्र!
सूर्यानं आजीला ऊब दिली. आजी उठली. कट्ट कट्ट!
आजीनं शेळीला मीठ दिलं. चट्ट मट्ट!
शेळीनं जाळीला सोडलं.
जाळीनं काटक्या दिल्या. कडाड कडाड! चुलकीचं पोट भरलं.

चुलकी पळत सुटली. खटक खुटुक, खटक खुटुक!
त्याच दगडावर जाऊन बसली. मागून शेळी आली. आणि आजी आली, काठी टेकत टेकत.
"अगं खुळे! नुसत्या काटक्या घेऊन पळालीस. इस्तव नको का?"
आजीनं खापरीतून निखारा आणला होता. लाल लाल! तो तिनं चुलकीच्या पोटात ठेवला.
वारा भोकांतून शिरला. फूऽऽऽ!
तडतड तडतड! पेटली चुलकी!

सगळे वर बघायला लागले.
आजीनं वर बघितलं. शेळीनं वर बघितलं.
पण धूर कुठाय?
धूर नाहीच!
काटक्या वाळक्या खडखडीत. चुलकी शहाणी. वारा जोरात. मग धूर निघेल कसा?
चुलकी रडकुंडीला आली. "आज तरी धूर होऊ दे ग! मावशी चालली! काटक्या संपत आल्या!"

तेव्हा शेळी पुढं आली. मान खाली घालून.
"एक सांगू? रागावणार नाही ना?"
"सांग लवकर!"
"गालात अजून पाला आहे. थोडासाच. हिरवा हिरवा."
"चोरटी कुठली!" आजी म्हणाली. "टाक, टाक आत!"
शेळीनं तोंड उघडलं. पाला टाकला. ओला, हिरवा, चावलेला. पचाक!
आधी झालं, फुस्स.
मग झालं, फुस्स फुस्स.
आणि मग, भस्स भस्स भस्स! पांढरा पांढरा धूर! आजी खोकली. शेळी शिंकली. वाऱ्यानं धूर उचलला. उंच, उंच, उंच!

खाली झऱ्यापाशी मावशी बसली होती. सगळी सॅक उपसून.
भांडं होतं. अंथरूण होतं. चुलकी नव्हती.
"कुठं ग ठेवली मी तुला?" मावशीचे डोळे भरून आले होते.
तिनं डोळे पुसले. वर बघितलं. डोंगरावर धूर!
"अगं बाई! गार करायला दगडावर ठेवली, आणि तशीच आले मी!"
मावशी उठली. सॅक तिथंच टाकून वर चढली. हाश हुश, हाश हुश. हाश हुश, हाश हुश.

"चुलकी!"
"मावशी!"
"चुकले ग बाई मी!"
चुलकी म्हणाली, "मावशी, मी केव्हाच गार झाले होते. तुला सांगत होते. तू नव्हतीस."
 मावशी चुलकीशेजारी बसली. धूर डोळ्यांत गेला, तरी हलली नाही.

मग आजी म्हणाली, "आता पेटलीच हाय, तर चहा ठेवा की!"
आजीनं आणखी चार काटक्या घातल्या, घरातून भांडं आणलं. शेळीनं दूध दिलं. मावशीला चहा, आजीला चहा. फुर्र फुर्र!
वारा चहा पीत नाही. त्यानं नुसता वास घेतला.

चहा झाला. काटक्या विझल्या. आणि चुलकी?
चुलकी पुन्हा गरम गरम!
मावशीनं तिला दगडावर ठेवलं.
चुलकी घाबरली. "मावशी, आता?"
मावशी म्हणाली, "आता तू गार हो."
"आणि तू?"
"मी इथंच."

मावशी कुठं गेली नाही. काही आवरलं नाही. नुसती बसून राहिली.
चुलकी कोमट झाली. मावशी तिथंच.
चुलकी गार झाली. मावशी तिथंच.
"मावशी, मी गारेगार झाले."
"ओ ग माझी बाय!"

मावशीनं घडी घातली. एक बाजू, टप्प. दुसरी बाजू, टप्प. पाय आत, टप्प.
चुलकीला पोटाशी धरलं. आजीला म्हणाली, "येते हं आजी."
मग निघाली डोंगर उतरायला. मागून वारा आला, शीळ घालत. त्याला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं. पण चुलकीला दार लावता येत नाही, हे आता त्याला ठाऊक होतं ना!

धूर गेला आभाळा,
चुलकी गेली घरा,
आता गोष्टीचीही घडी घाला.
मिटा बघू पुस्तक.
टप्प!