टिटवी आणि आटता डोह

मुलांनो, एका मोठ्या, उष्ण देशातल्या जंगलात नदीचा एक खोल डोह होता आणि त्या डोहाकाठच्या गोट्यांमध्ये एक टिटवी राहत असे. टिटवी काही घरटे विणत बसत नाही. चार गोटे इकडे, चार गोटे तिकडे सारायचे आणि मध्ये अंडी घालायची, एवढाच तिचा संसार. ऊन चढले की ती डोहावर जाऊन पोट भिजवून येई आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसे. ती उठली की टिटवा बसे. काठावरच्या जांभळींची आणि करंजांची दाट सावली डोहावर पडलेली असे, म्हणून भर दुपारीही पाणी गार राही. टिटवी स्वभावाने घाबरट होती, हे मात्र खरे. आभाळ कोसळेल या भीतीने ती पाय वर करून झोपते, असे सारे जंगल म्हणे. वानरे तर तिच्यासमोर उताणी पडून तिची नक्कल करत आणि पोट धरून हसत.

त्या वर्षी शिमगाही आला नव्हता, तोच वैशाखातले ऊन पडू लागले. डोंगरावरचे गवत करपले, झरे आटले. खायला कुठे काही उरले नाही म्हणून सगळी जनावरे डोहाकाठच्या झाडांवर तुटून पडली. एके दुपारी टिटवी पोट भिजवायला गेली, तर काल जिथे तिचे पाय बुडाले होते तिथे चिखलाला भेगा पडलेल्या. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी लांब गेले. भिजवलेले पोट अंड्यांपर्यंत पोचेपोचेतो सुकू लागले. टिटवी अंड्यांकडे बघत राहिली. पंख आहेत त्यांना उडता येईल, पाय आहेत त्यांना चालता येईल. अंडी बिचारी कुठे जाणार?

ती जंगलभर ओरडत फिरली. "टिटीव, टिटीव! अहो, डोह आटतोय! काठावरची झाडं तेवढी सोडा. सावली गेली की पाणी जाईल, पाणी गेलं की मासे जातील आणि मग आपली पाळी येईल!"

गवा चिखलात लोळत पडला होता. तो डोळेही न उघडता म्हणाला, "बाई गं, उन्हाळा काय मी आज पाहतोय? माझ्या आजानंसुद्धा या डोहाचा तळ कधी पाहिला नव्हता." मग तो सावकाश उठला आणि करंजाचे एक कोवळे रोप मुळासकट उपटून चघळू लागला.

वानर फांदीवरून खिदळला. "माझ्या एका फांदीनं डोह आटतो होय? जा बाई, तू आपली आभाळाला टेकू दे जा!" त्याने ती फांदी कडकन मोडली. त्याच्या टोळीतल्या प्रत्येकाने हेच म्हणत एकेक फांदी मोडली.

बगळ्याची तर नुसती चंगळ होती. उथळ पाण्यात मासे आपण होऊन त्याच्या चोचीखाली येत. त्याने विचारले, "हे सगळं होणार कधी? पुढेच ना? मग पुढचं पुढे बघू. आज मासे कसे झकास मिळतायत!"

काठ उघडा पडला. आता सूर्य सकाळपासून डोहावरच बसून राही. इकडे अंडी फुटायला आली होती. एका सकाळी टिटवीने कान लावला, तर आतून इवल्याशा चोचींची टकटक ऐकू आली. तिला इतका आनंद झाला की घटकाभर ती घाबरायचेही विसरली. "तू बस, मी भिजून येतो," म्हणत टिटवा गेला. सूर्य माथ्यावर आला तरी त्याचा पत्ता नव्हता. अखेर तो आला तेव्हा त्याच्या पोटाला चिखल लागला होता आणि तोही वाळून खडखडीत झाला होता.

"पाणी?" टिटवीने विचारले.

टिटवा पोटावरचा वाळलेला चिखल चोचीने खरवडू लागला. टिटवी पंख पसरून अंड्यांवर सावली धरून उभी राहिली. गोटे तव्यासारखे तापले होते. तिची चोच उघडी पडली, पाय भाजले, तरी ती हलली नाही. आतली टकटक हळूहळू कमी होत गेली. मग एकाच अंड्यातून येत राहिली. मग तीही थांबली. तरीही ऊन उतरेपर्यंत टिटवी तशीच उभी होती, कारण खाली बघायची तिला भीती वाटत होती.

संध्याकाळी जनावरे पाण्यावर आली. डोहात चिखल होता आणि चिखलात मेलेले मासे होते. बगळा त्यांच्यामध्ये मान खाली घालून उभा होता. गव्याच्या कळपातली वासरे चिखल चाटू लागली. शेवटी गव्याला ते पाहवेना. तो टिटवीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, आज ओरडली नाहीस ती?"

"ज्यांच्यासाठी ओरडत होते ते गप्प झाले, दादा," टिटवी म्हणाली. "आता तुमची वासरं ओरडतील. त्यांचं तरी ऐका."

अंधार पडू लागला, तरी हवा गार होईना. त्या रात्री टिटवी निजली नाही, तिने पायही वर केले नाहीत. थंड न झालेल्या गोट्यांमध्ये ती नुसती उभी होती. समोरच्या बोडक्या जांभळीवर वानर आपल्या पिलाला पोटाशी घेऊन उताणा पडला होता आणि त्या लाल, तापलेल्या आभाळाकडे टक लावून पाहत होता. कोणी बघत नाही असे वाटून त्याने आपले दोन्ही पाय हळूच वर केले. टिटवीला ते दिसले. तिला हसू आले नाही.

तात्पर्य : घाबरून ओरडणाऱ्याची थट्टा करण्याआधी, तो काय पाहून घाबरला आहे हे आपणही जाऊन पाहावे, आणि ते डोहात पाणी आहे तोवरच पाहावे.