आण्णा थांबतात तेव्हा

“अक्षर दाबलं की लॅपटॉप हँग होतो. एवढी साधी गोष्ट तुम्हाला का पटत नाही, सर?”

मुजावर सर दर्ग्यावर काल वाहिलेली फुलं टोपलीत गोळा करत होते.

मिरजेच्या जरा बाहेर, नदीकडं जाणाऱ्या वाटेवर हा दर्गा. लहानसा, हिरव्या रंगानं रंगवलेला. त्याची देखभाल सरांच्या घराण्याकडं होती. सरांनी आयुष्यभर इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला. सगळ्या वर्गाला मिळून एकच यंत्र असायचं, तेव्हापासून. निवृत्त झाल्यावर ते दिवसाचा बराच वेळ इथंच असत. झाडलोट करत. कोणी जुना विद्यार्थी काही घेऊन आला, तर ऐकून घेत.

सन्मती मगदूम असाच आला होता. मात्र आपण अडलो आहोत, असं त्याला वाटत नव्हतं. पुण्यात मोठ्या कंपनीत तो नोकरीला होता; वडिलांच्या आजारपणापासून सांगलीच्या घरूनच काम करायचा. बंद पडलेल्या यंत्रणा पुन्हा उभ्या करणं हेच त्याचं काम, आणि त्यात त्याचं नाव होतं. “सरांना एकदा दाखव की,” असं आई चारदा म्हणाली, म्हणून तो आला.

लॅपटॉप त्याच्या वडिलांचा होता.

भूपाल मगदूम. घरात आणि बाजारातही ते आण्णाच. सांगलीच्या हळद बाजारात ते सौदे पुकारायचे. एका टोकाला ते बोलले की दुसऱ्या टोकाचा हमाल वळून बघायचा, असा आवाज. अर्धांगाच्या झटक्यात तो आवाज गेला. उजवा हातही गेला. समज मात्र पहिल्यासारखीच लख्ख राहिली.

सन्मतीनं त्यांच्यासाठी लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवली आणि स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. आण्णांनी डाव्या हाताच्या बोटानं एकेक अक्षर दाबायचं. वाक्य पूर्ण झालं की लॅपटॉप ते मोठ्यानं बोलून दाखवायचा.

सुरुवातीला घर पुन्हा बोलतं झालं. मग लॅपटॉप हँग होऊ लागला. तोही वाक्याच्या मधेच. स्क्रीनवर अर्धं वाक्य तसंच राहायचं, आणि पुढचं अक्षर कितीही दाबलं तरी उमटायचं नाही. बटण दाबून धरून तो बंद करायचा, पुन्हा चालू करायचा. तोवर वाक्य गेलेलं.

हळूहळू आण्णांनी लॅपटॉपला हात लावणं सोडलं. जेवण झालं की भिंतीकडं तोंड करून पडून राहत.

“काय काय केलंस?” सरांनी विचारलं.

“सगळं.” सन्मती लगेच सुरू झाला. “मेमरी बदलली. डिस्क बदलली. लिनक्स पुसून नव्यानं घातलं, मग लिनक्सचा दुसराच प्रकार घालून बघितला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. सिस्टिमच्या नोंदी वाचल्या, तर मरायच्या आधी हा गडी एका ओळीचीसुद्धा तक्रार करत नाही. शेवटी दिवसभर त्याच्याकडून नुसती गणितं करून घेतली, पंखा किंचाळायला लागेपर्यंत. तेव्हा एकदाही हँग झाला नाही.”

“राबवला तेव्हा नाही झाला.”

“नाही ना. म्हणून तर म्हणतो, भानगड कीबोर्डकडंच आहे.”

“दुसरा लॅपटॉप का नाही दिलास?”

“आणला होता. आण्णांनी बोटसुद्धा लावलं नाही. यावरच्या अक्षरांची त्यांना सवय झालीय.” तो जरा घुटमळला. “आणि खरं सांगू का, सर… याच्यापुढं हार मानायची नाहीय मला.”

सरांनी मान हलवली. ती कशासाठी, ते कळलं नाही.

“हँग होतो तेव्हा आण्णा काय करत असतात?”

“टाइप करत असतात.”

“बघितलंयस?”

“आई हाक मारते, मी धावत जातो. तोवर झालेला असतो.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी मी तिथं नसतोच, सर. मी आत माझ्या कामाला बसलेलो असतो. आणि असतो तरी काय? मी लॅपटॉप बघणार. आण्णांकडं बघून मला काय कळणार?”

सरांनी टोपली खाली ठेवली.

“अक्षर दाबल्यावर तो हँग होतो,” ते सावकाश म्हणाले, “का हँग झाल्यावर अक्षर दाबलं जातं?”

सन्मतीनं पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढला.

“लाव तो,” सर म्हणाले.

सन्मतीनं लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि आण्णांचा प्रोग्रॅम उघडला. काळी स्क्रीन, त्यावर मोठाली पांढरी अक्षरं. कोपऱ्यात घड्याळ नव्हतं. लुकलुकणारा कर्सरही नव्हता. आण्णांच्या डोळ्यांना त्याचा त्रास व्हायचा, म्हणून सन्मतीनंच तो काढून टाकला होता.

“एक शब्द लिही.”

सन्मतीनं ‘पाणी’ लिहिलं.

“आता बस.”

“बसतो. पण आधी दोन-चार गोष्टी चालू करतो. तापमान कळेल, प्रोसेसर काय करतोय ते कळेल…”

“तू शोधत होतास तेव्हाही त्या चालू असायच्या?”

“कायम. त्याशिवाय शोधणार कसं?”

“मग आज काही चालू करू नकोस.”

“नुसतं बसायचं?”

सर नुसतेच बसले होते.

वाटेवरून एक बाई आली. कडेवर तान्हं बाळ. तिनं चपला काढल्या, बाळाचं डोकं उंबऱ्याला टेकवलं, सरांकडून उदी घेतली आणि निघून गेली.

सन्मतीचा हात आपोआप टचपॅडकडं गेला. लॅपटॉप जिवंत आहे का, एवढं बघायचं होतं.

सरांनी तो हात मधेच धरला. उताणा केला. टोपलीतली मूठभर वाळकी फुलं त्याच्या तळहातावर ठेवली.

“सांडू नकोस.”

“सर, पण…”

“वारा आहे. सांभाळ.”

सन्मती हात पसरून बसला. पाकळ्या इतक्या हलक्या होत्या की जोरानं श्वास सोडला तरी उडाल्या असत्या. हात हलवता येईना. दुसरं काही करता येईना. आधी त्याला राग आला. मग कंटाळा आला. मग तोही गेला. मोगऱ्याचा शिळा, गोडसर वास येत होता. नदीकडून कोणीतरी गुरांना पाणी पाजून परत येत होतं.

असा हात हवेत धरून आण्णा बसतात, हे त्याला आठवलं. बोट अक्षरांच्या वर, अधांतरी. आतल्या खोलीत जाताना त्यानं ते ओझरतं बघितलं होतं. थांबून कधी बघितलं नव्हतं.

“आता दाब,” सर म्हणाले. “कुठलंही अक्षर.”

त्यानं फुलं जपून टोपलीत ओतली आणि एक अक्षर दाबलं.

काही उमटलं नाही.

पुन्हा दाबलं. दुसरं दाबलं. स्क्रीनवर ‘पाणी’ तसंच होतं.

“हँग झालाय,” तो हळू आवाजात म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “दाबायच्या आधीच झाला होता. कधीचाच.”

सर ऐकत होते.

“प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो, सर. वीज वाचावी म्हणून. एकेक पायरी खाली उतरत जातो, जितका वेळ रिकामा तितकी गाढ झोप. हा अगदी खालच्या पायरीला पोचतो, आणि तिथून त्याला वर येता येत नाही.” तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. “आण्णा थांबले की हा झोपतो. आण्णांना पुढचं अक्षर सापडतं, तोवर हा उठण्यापलीकडं गेलेला असतो. आणि मी… मी समोर असलो की कायम काहीतरी चालू ठेवायचो. माझ्यासमोर हा कधी झोपलाच नाही.”

त्याला स्वतःचं हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

बटण दाबून धरून त्यानं लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला. सुरू होतानाच्या सूचनांमध्ये एक ओळ वाढवली. पहिल्या पायरीच्या खाली उतरायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. मग पुन्हा ‘पाणी’ लिहिलं, आणि या वेळी कोणी न सांगता हात मांडीवर ठेवून बसला.

ओट्यावरची सावली सरकली. सरांनी झाडून घेतलं, पणतीत तेल घातलं, परत येऊन बसले.

सन्मतीनं अक्षर दाबलं. उमटलं.

मग त्याहून जास्त वेळ थांबून दाबलं. उमटलं.

“बॅटरी लवकर उतरेल आता,” तो म्हणाला.

“उतरू दे. पलंगाजवळ एक प्लग काढून घे.”

“सुटलं, सर.”

“इथं सुटलं.” सरांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. “चल.”

सांगलीला पोचले तेव्हा दुपार कलली होती. सन्मतीच्या आईनं दार उघडलं. “या की सर, बसा,” म्हणत ती आत पाण्याला वळली. पलंगावर आण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

“आण्णा, मी मुजावर. तुमच्या पोराला शिकवायचो.”

आण्णा कुशीवर वळले. सरांना बघून त्यांनी डावा हात कपाळापर्यंत नेला. सन्मतीच्या हातातला लॅपटॉप दिसला तसा तोच हात झटकला. नको.

“एकदाच, आण्णा,” सन्मती म्हणाला. “या वेळी मी आत जात नाही. इथंच बसतो.”

आण्णांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग त्यांनी उठून बसायला हात पुढं केला. आईनं पाठीशी उशी लावली.

बोट अक्षरं शोधू लागलं. स्क्रीनवर उमटलं, ‘हा आवाज’.

आणि बोट थांबलं.

“आवाज मोठा करू म्हणताय का?” आईनं विचारलं.

सन्मतीच्याही तोंडाशी आलं होतं. मोठा करू? बारीक करू? फार भरभर बोलतो का? हात लॅपटॉपकडं निघालासुद्धा होता. तेवढ्यात त्याची नजर आण्णांच्या तोंडाकडं गेली.

आण्णा अडलेले नव्हते. ते खिडकीतून बाहेर बघत होते. ओठ किंचित हलत होते. बाजारात सौदा सुरू व्हायच्या आधी, ढिगाकडं बघत ते असेच क्षणभर उभे राहायचे. लहानपणी सन्मतीनं बघितलं होतं. ते शब्द निवडत होते.

सन्मतीनं हात मागं घेतला. आईला खुणेनंच थांब म्हटलं.

…

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. स्वयंपाकघरात चहाला उकळी आली, आई उठून गॅस बारीक करून आली.

…

सर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

बोट खाली आलं. अक्षर उमटलं. सन्मतीनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू गेला. मग दुसरं अक्षर. पुन्हा एक थांबणं, पुन्हा एक अक्षर. वाक्य संपलं तसं आण्णांनी कोपऱ्यातलं मोठं बटण दाबलं.

लॅपटॉप सपाट, गोड आवाजात बोलला:

“हा आवाज बाईचा का ठेवलास? बाजारातली माणसं भेटायला आली तर काय म्हणतील?”

आईनं पदर तोंडाला लावला. तरी हसू फुटलंच. आण्णांचे खांदे हलत होते. हसताना त्यांचा एकच गाल वर जायचा आता.

“हे कधीपासून सांगायचं होतं तुम्हाला?” सन्मतीनं विचारलं.

आण्णांनी डावा हात हवेत गोल फिरवला. कितीदा तरी.

“बदलतो. आत्ता बदलतो.”

आण्णांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. घाई नाही, असं. आणि बोट पुन्हा अक्षरांकडं वळलं. त्यांना अजून बोलायचं होतं.

चहा झाला. सर निघाले. सन्मती त्यांच्यामागं दारापर्यंत आला.

“सर, एक राहिलं.”

“बोल.”

“यंत्र आहे. उद्या दुसऱ्या कशानं तरी पुन्हा हँग होईल. स्क्रीनवर घड्याळ नाही, कर्सर नाही. दोन्ही वेळा सगळं सारखंच दिसणार.” तो आत वळून बघत म्हणाला, “तो हँग झालाय का आण्णा थांबलेत, हे मी ओळखायचं कसं?”

सरांनी चपला पायात सरकवल्या. आत आण्णांचं बोट हवेत थांबलं होतं.

“ते स्क्रीनवर दिसत नाही,” सर म्हणाले.