कुलपातला इतिहास

चूक सगळी वाचनालयाचे अध्यक्ष दत्ताजीराव निंबकर यांची. घरीच शिकणाऱ्या तेरा वर्षांच्या मृण्मयीला इतिहासाचे जाडजूड ग्रंथ हवे होते. दत्ताजीराव मात्र ग्रंथांच्या कपाटाची किल्ली खिशात ठेवून दरवेळी चित्रांचं पुस्तक पुढे करत. "झेपणार नाही तुला, पोरी." तिला नुसती तिडीक यायची.

वाचनालयातच भरलेल्या शिवजयंतीच्या सभेत तेच गरजले, "कोवळ्या वयात महाराजांनी तोरणा घेतला! आजच्या पोरांत आहे ती धमक?"

मृण्मयी ताडकन उभी राहिली. "आहे ना, आजोबा! पण महाराज तोरण्यावर निघाले, तेव्हा त्यांना कुणी म्हणालं होतं का, 'झेपणार नाही, आधी किल्ल्याचं चित्र रंगव'?"

सभा खो खो हसली. अख्ख्या गावासमोर म्हाताऱ्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. मृण्मयीने कपाट उघडून सगळ्यात जाड ग्रंथ उचलला. दत्ताजीरावांना किल्ली परत मिळाली नाही.