तुडुमापुढची ताटी

माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, पण गोष्ट मनापासून सांगतो.

धानाच्या मुलखात एक गाव होतं. गावाला एकच तलाव, आणि त्यावर जगणारे लोक दोन तऱ्हेचे. पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली, शेतकऱ्यांच्या बांध्या, धानाची खाचरं. काठावर मासोळीवर पोट भरणाऱ्या ढिवरांची वस्ती. तलावाचं पाणी शेतात सोडायला पाळीत एक दगडी तुडुम होतं. त्याला एक भोक वर आणि एक खाली, दोन्हींना लाकडी बुचं.

त्या वर्षी पाऊस लवकर परतला. पैकूजीचं धान नेमकं पोटरीत आलेलं, आणि बांधीला भेगा पडायला लागल्या. त्याचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला. तो तडक तुडुमाकडे निघाला, खालचं बूच काढायला. तिथं ढिवरांच्या वस्तीचा कारभार पाहणारी ठगूबाई पदर खोचून उभी.

"बुचाले हात लावू नको, पैकूभाऊ."

"काऊन? तलाव तुझ्या आज्यानं खोदला का?"

"तुझ्या आज्यानं तरी कुठं खोदला? तो तर बांधावर बसून तंबाखू मळत होता म्हणतात!"

तिच्यामागच्या ढिवरांच्या बाया हसल्या. पैकूजी लालबुंद झाला. भांडण मोहाच्या झाडाखाली, गावचे तंटे मिटवणाऱ्या म्हाताऱ्या फागोजीपुढे गेलं.

गावात एक जुनी रीत होती. झाडाखाली आलेल्या माणसानं आधी समोरच्याची बाजू मांडायची. समोरच्यानं 'हो, हेच मला म्हणायचं होतं' असं कबूल केलं, तरच बोलणाऱ्याला स्वतःची बाजू सांगता यायची.

पैकूजी बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. तो म्हणाला, "यात काय आहे? ही म्हणते, मासोळी जगली पाहिजे, मग लोकांचे पोट्टे उपाशी मेले तरी चालन."

ठगूबाईनं तोंड फिरवलं. मग तिची पाळी आली. "हा म्हणते, माझी कोठी भरली पाहिजे, मग तलावाचं डबकं झालं तरी चालन."

आता पैकूजीनं तोंड फिरवलं.

फागोजी काठी टेकत उठला. "दोघंही नापास. समजून घ्या, मग या."

"फागोजी, तोवर धान वाळन!" पैकूजी ओरडला.

"मग लवकर समजून घे."

पैकूजी घरी येऊन धुसफुसत बसला. बायको म्हणाली, "तिच्या मनातलं तुमाले इथं चुलीजवळ बसून कसं समजन?"

ते त्याला झोंबलं. पण दुसरा रस्ताही नव्हता. उजाडताच तो तलावावर गेला. ठगूबाई कंबरभर पाण्यात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "उतर. पाय हळू टाक."

पायाखाली गवत लागलं. पैकूजीला वाटायचं, तलावातलं गवत आपोआप उगवतं. पण ते मासोळीनं अंडी घालावी, पिल्लांना आसरा मिळावा म्हणून ढिवरांच्या बायांनी उन्हातान्हात, चिखलात बसून लावलेलं होतं. ठगूबाईनं ओंजळ वर काढली. तिच्यात करंगळीच्या नखाएवढी पिल्लं वळवळत होती.

"हे आमचं पुढच्या वर्षीचं धान. खालचं बूच काढलं की सारे धारेत ओढले जातात अन् तुमच्या बांधीत सडतात. पाणी देऊ नका असं कोण म्हणते? वरचं बूच काढा."

पैकूजीनं ओंजळीत वाकून पाहिलं. मग म्हणाला, "आता तू माझ्यासंग चल."

शेतात त्यानं धानाचं एक ताट नखानं उभं चिरलं. आत कोवळी, पांढरी लोंबी दडलेली. "वरच्या भोकाची धार बारीक, बाई. शेवटच्या बांधीपर्यंत येते कुठं? अन् आत्ता हे तहानलं, तर सारा पोचट दाणा."

ठगूबाईनं लोंबीवरून बोट फिरवलं. "हे बी पोटातलंच लेकरू की रे," ती हळूच म्हणाली.

दोघं पुन्हा झाडाखाली आले. पैकूजी उभा राहिला आणि मासोळीच्या पिल्लांबद्दल, चिखलात लावलेल्या गवताबद्दल बोलला. ठगूबाई म्हणाली, "हो, हेच मले म्हणायचं होतं." मग तिनं शेवटच्या बांधीची तहान सांगितली. पैकूजीनं मान डोलावली.

"आता आपापली फिर्याद सांगा," फागोजी म्हणाला.

पैकूजी ठगूबाईकडे वळला. त्याची फिर्याद ठगूबाईनं त्याच्याहून चांगली सांगितली होती. तो म्हणाला, "खालच्या भोकापुढं बांबूची बारीक फटींची ताटी बसवली तर? पाणी जाईल, पिल्लं राहतील."

"बांबू तू तोड," ठगूबाई म्हणाली. "विणतो आम्ही. तुझ्या हातची ताटी असली, तर तिच्यातून म्हैस पार होईल!"

सारं झाड हसलं. इतकी साधी युक्ती आजवर कुणाला सुचली नव्हती, कारण धान आणि मासोळी या दोन गोष्टी एका डोक्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या.

शेतकऱ्यांनी बांबू तोडले, ढिवरांनी ताटी विणली, दोघांनी मिळून ती पाण्यात रोवली. खालचं बूच निघालं. पाणी खळाळत पाटात शिरलं आणि पोरं त्याच्या पुढे पुढे धावत सुटली. शेवटच्या बांधीतली भेग भरली, तेव्हा ढिवरांच्या वस्तीत डफ वाजला. पैकूजी चिखलातच नाचला, आणि त्याला नाचताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतात गेला नाही. आधी तुडुमावर गेला. ताटीला पालापाचोळा अडकला होता, तो त्यानं हातानं काढला. बांबूच्या फटीत एक पिल्लू रुतलं होतं. ते त्यानं अलगद सोडवलं, गवताकडे सोडून दिलं, आणि मगच आपलं धान पाहायला निघाला.

तात्पर्य: समोरच्याचं दुखणं ज्याला त्याच्यासारखं सांगता येतं, त्याच्याशी भांडण उरत नाही, आणि दोघांची गरज एका मनात मावली, की वाट सापडतेच.