शामाच्या पंखाखालचा रातकिडा

त्या रानात गाणं कुणी फुकट गात नसे आणि फुकट ऐकतही नसे. ज्याचं गाणं ऐकलं, त्याच्या झाडाच्या बुंध्याशी एक घास ठेवायचा. दाणा असो, फळ असो, नाहीतर अळी. आणि दुसऱ्याची चाल गायची वेळ आली, तर आधी त्याच्या झाडाकडे मान वळवायची आणि मगच चोच उघडायची. ही रीत कुणी घालून दिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती मोडलेलीही कुणी पाहिली नव्हती.

रान फार दाट. खाली दिवस उजाडल्याचं कळत नसे, म्हणून तिथले रातकिडे आठही प्रहर किरकिरत. अंडं फुटलं की पिलाच्या कानावर पहिला आवाज पडायचा तो त्यांचाच. आता जे जन्मापासून कधी थांबलंच नाही, ते कानाला कळणार कसं? रातकिडे जीव खाऊन ओरडत राहायचे, आणि रानातले सगळे म्हणायचे, आज किती शांत आहे.

या रानात एक म्हातारी शामा पक्षीण होती. काळं अंग, पोट तांबूस, आणि एक पंख वादळात मोडलेला. झेप घेऊन किडा धरणं तिला जमत नसे, तेव्हा तिचं गाणं म्हणजेच तिचं पोट. पिलांना पहिली पिसं फुटतात तेव्हा अंगाची नुसती आग होते, पिलं ऐकत नाहीत. अशा वेळी शामाला बोलावणं यायचं. गाणं तिच्या आईचं, त्यात तिनं स्वतःचं घातलेलं. त्यात एक उंच जागा होती. तिथं चढताना मोडक्या पंखात कळ यायची आणि सूर जरासा अडखळायचा. आयांना नेमकी तीच जागा आवडायची. कळ हिची, कौतुक त्यांचं. पण घास यायचा, आणि शामाचं चाललं होतं.

रानाच्या टोकाला एक घळ होती आणि तिच्यावर तरसाची मालकी होती. मालकी कशी आली हे विचारायला कुणी गेलं नाही, कारण विचारायला गेलेल्यांची हाडं आतच पडलेली होती. इतर घळी आवाज परत देऊन मोकळ्या होतात. ही परत द्यायची, आणि शिवाय पोटात ठेवूनही घ्यायची. हे तरसाला माहीत होतं. गाणाऱ्यांना माहीत नव्हतं.

एके दिवशी तरस झाडाझाडाखाली फिरला. म्हणाला, "पावसात भिजता, वाऱ्यात घसा बसवून घेता, बघवत नाही मला. माझ्या घळीत येऊन रियाज करा. काही देऊ नका."

गाणारी मंडळी हुशार खरी, पण स्वतःचा आवाज गोल होऊन परत आला की कोण हुरळत नाही? घळीत बारीक गळाही भरदार वाटायचा. दयाळ पक्षी तर आत शिरला की बाहेर यायचं नाव घेईना. कोकीळ तेवढ्यासाठी मोहोर सोडून आला. शामाही गेली. आईचा आवाज घळीतून आल्यासारखा वाटला तिला, आणि ती पुन्हा पुन्हा जात राहिली. फुकट जागा देणारा काय घेतो आहे, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

पुढच्या विणीच्या हंगामात शामाला बोलावणं आलं नाही. वाट पाहून ती स्वतःच सुगरणीच्या घरट्याखाली गेली. सुगरण खोपा विणत होती. चोच थांबवावी तर समोर बघावं लागेल, म्हणून तिनं विणणं थांबवलं नाही.

"मावशी, राग मानू नका," ती म्हणाली. "घळीपाशी पिलांना नेलं की काम होतं. म्हणाल तेव्हा गाते, दमत नाही. तरस घास घेतो, पण तुमच्याहून लहान."

"कोण गाते?"

"घळच गाते. तुमचंच गाणं आहे की."

शामा उड्या मारत, धडपडत घळीपाशी गेली. तोंडाशी घासांचा ढीग आणि ढिगाशेजारी तरस लोळत पडलेला. आतून तिचं गाणं येत होतं. उंच जागेपाशी सूर चढला आणि जरासा अडखळला. घळीला पंख नव्हता, पंखात कळ नव्हती, तरी ती अडखळली. शामाचा पंख त्या क्षणी आपोआप आखडला.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"मग गेलं कुठं?" तरस दात दाखवत म्हणाला. "तुझ्या गळ्यात आहेच की अजून. मी काही उपटून नेलं का? बिचारी ऐकून शिकली. पिलं नाही का ऐकून शिकत?"

"पिलू शिकलं की झाडाकडे मान वळवतं. तुझ्या घळीला मान कुठं आहे?"

"नाही ना? मग कुणाकडून काय वळवून घेणार तू?" असं म्हणून तरस हसला, आणि तरसाचं हसणं ज्यानं ऐकलं आहे त्याला ते पुन्हा ऐकावंसं वाटत नाही.

न्यायाला गवा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, गिळलं, मग परत वर आणून चघळलं. म्हणाला, प्रकरण नवीन आहे, घाई बरी नव्हे. त्याच्या पुढ्यातला हिरवा चारा घळीच्या बाजूचाच होता. गाणारे परत फिरले तेव्हाही तो चघळतच होता.

मग त्यांनी घळीत जाणं सोडलं. तरसानं वटवाघळं पाठवली. ती फांद्यांना उलटी लटकत, कान पसरून ऐकत, आणि ऐकलेलं घळीत नेऊन ओतत. आता झाडावर गायलं तरी चोरी, न गायलं तर उपास. दयाळानं गाणं टाकून किडे वेचायला घेतले. शामाला तेही जमण्यासारखं नव्हतं. ती एका पानाच्या आडोशाला चोच मिटून बसून राहिली. अंगातलं बळ चाललं होतं.

अशीच बसली असताना एकदम कसलीशी पोकळी पडल्यासारखं झालं. शामा दचकली. पायाशी एक रातकिडा होता आणि तो थांबला होता.

"आत्ता कळलं होय, मी होतो ते?" रातकिडा म्हणाला. "गप्प झालो तेव्हा बघितलंस. जन्मभर गातोय, पण कुणी घास ठेवला नाही की शिवी दिली नाही."

शामानं त्याच्याकडे पाहिलं. भूक तर अशी होती की डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

"तशी बघू नकोस," तो एक पाऊल मागे सरकत म्हणाला.

"तसं नाही बघत. वटवाघळानं माझं गाणं घळीत नेलं, तेव्हा तुझा आवाज गेला असेल का रे बरोबर?"

"मला कोण टाकणार? तुमचे कान मला टाकतात. घळीला टाकणं ठाऊक नाही. ती हावरी, जे येईल ते पोटात." एवढं बोलून रातकिडा जरा जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "पण लांबून गेलो असेन. बारीक. जवळून गेलो तर गोष्ट वेगळी."

शामानं मोडका पंख उचलला. किती दिवसांनी तो पंख कशाच्या तरी उपयोगी पडणार होता.

"आणि तू मला खाणार नाहीस, हे कशावरून?"

शामानं चोच मिटली, आणि त्या किड्याकडे मान वळवली. रानात आजवर कुणी रातकिड्याकडे मान वळवली नव्हती. तो पंखाखाली शिरला.

ती गायली. सूर चढला की हा चढे, ती श्वास घेई ती जागा हा भरून काढी, आणि अडखळण्याच्या जागी तर हा पूर्ण ताकदीनं ओरडे. शेजारच्या झाडावरच्या बुलबुलीनं ऐकलं आणि ती म्हणाली, "मावशीचा गळा आज किती स्वच्छ लागलाय." तिनं घास ठेवला. शामानं त्यातला अर्धा पंखाखाली सरकवला. वर वटवाघूळ लटकलेलं होतं. त्यानं सगळं उचललं आणि नेलं.

शामाचं पाहून दयाळानं शेपटाखाली एक रातकिडा घेतला. मग कोकिळानं घेतला, बुलबुलानं घेतला. प्रत्येकाचं गाणं वेगळं, आणि प्रत्येक गाण्यात रातकिडा. वटवाघळं वाहून वाहून थकली. घळीची सवय अशी की नवं आलं की जुन्यात कालवायचं. ती कालवत राहिली. कोकिळाचं दयाळात नव्हतं, दयाळाचं शामात नव्हतं, पण एक गोष्ट सगळ्यांत होती. घळीला वाटलं, जे सगळ्यांत आहे तेच गाणं असणार. बाकीचं तिनं बाजूला सारलं.

पुढच्या हंगामात रानातल्या आया पिलं घेऊन घळीच्या तोंडाशी जमल्या. पिलांची पिसं फुटत होती, अंगाची आग होत होती. तरसानं आधी घास वसूल केले, ढीग लावला, मग पंजा आपटून म्हणाला, "गा."

घळ गाऊ लागली.

आया बसून राहिल्या. पिलं चुळबुळत राहिली. थोडा वेळ गेला.

"सुरू कधी व्हायचं?" सुगरणीनं विचारलं.

तरसानं कान टवकारले. मग कान आत लावून पाहिला. मग पंजा जोरात आपटला. "गा म्हटलं ना," तो ओरडला.

घळीनं पोटात होतं नव्हतं तेवढं बाहेर काढलं. तोंडाशी पडलेला पाचोळा थरथरत वर उडाला, दगडांच्या फटींतली माती भुरूभुरू गळू लागली, घासांचा ढीग हादरून खाली घरंगळला, आणि त्यातले दाणे आयांच्या पायांशी येऊन थांबले.

"आज किती शांत आहे," कुणीतरी म्हणालं.

सुगरणीनं आपला दाणा उचलून चोचीत धरला. पिलाला पंखाखाली घेतलं. आणि शामाच्या झाडाकडे मान वळवली.